फरशीवर पडून शिकणाऱ्या आपल्या पोरींसाठी ५४ मॅट हव्यात

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या आपल्या तालमीच्या मागच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ पोरींची स्वसंरक्षणाची बॅच चालते हे पेठेतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, निदान आवाज तरी ऐकलाच असणार, कारण आमच्याकडे ओरडणं हा पहिल्या दिवशीचा धडा आहे. सध्या ३८ जणी येतात. सगळ्यात लहान ९ वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या ५२ वर्षांच्या एक काकी, त्या मंडईतून भाजीची पाटी ठेवून थेट येतात. फी नाही, कधीच नव्हती आणि पुढेही नसेल. पण आता आम्हाला तुमच्या मदतीची गरज आहे आणि ती कशाला हे नीट सांगते, जरा मोठं होईल पण वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या एका नववीतल्या पोरीचं मनगट मोडलं. कुणी मारलं नाही, भांडण नाही, काही नाही. साधं मागे पडायचं शिकवत होते. आता हे पडणं म्हणजे काय ते सांगते. माणूस मागे पडताना आपोआप हात मागे टेकवतो, सगळ्या अंगाचं वजन त्या एका मनगटावर येतं आणि हाड जातं. म्हणून शिकवताना आधी हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही, मग पाठ गोल करून खाली बसत बसत मागे लोळायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम खाली आपटायचा. मऊ जागेवर हे शंभरदा केलं की अंगात बसतं. फरशीवर कुणी शंभरदा करेल का, दहाव्यांदाच कोपर सुजतं आणि मग पोर घाबरते, घाबरली की पुन्हा हात टेकवते. त्या पोरीचं अगदी हेच झालं. खाली शहाबादी फरशी आणि वर मी "हात टेकवू नको" म्हणून ओरडतेय, तोवर कट्‌ असा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. प्लास्टर घालून झालं, तिचे आईवडील एका शब्दानं बोलले नाहीत, उलट चार दिवसांनी तिची आईच तिला घेऊन आली, ती आता भिंतीला बसून बाकीच्यांचे आकडे मोजते. पण चूक आमची आहे, फरशीवर आम्ही शिकवायलाच नको होतं. त्या दिवसापासून पडण्याचा सराव बंद आहे.

आणि पडणं बंद म्हणजे निम्मं शिक्षण बंद. मी कॉलेजात असताना ज्यूदो खेळले, काठी याच तालमीत वस्तादांकडे शिकले, एवढ्या वर्षांचा अनुभव सांगतो की खऱ्या प्रसंगात माणूस उभ्याउभ्या मारामारी करत नाही. ढकलतात, ओढतात, पाय अडकतो आणि आपण खाली असतो. खाली पडून डोकं न फुटता परत उठून पळता आलं पाहिजे. मोबाईलवर व्हिडिओ येतात ना, गिरकी घेऊन लाथ मारली आणि समोरचा गार, तसलं आम्ही शिकवत नाही.

जुन्या मॅट होत्या हो आपल्याकडे. काथ्याच्या, वर रेक्झिन घातलेल्या, जड एकदम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं, त्या मॅट चार माणसांनाही उचलल्या नाहीत. पाणी उतरल्यावर वाळवल्या, उन्हात महिनाभर टाकल्या, तरी आतून कुजल्याच. ज्या पाच-सहा वाचल्या त्या २०२१ च्या पुरात गेल्या. मग वस्तादांनी स्वतः, पंच्याहत्तरीला आलेत ते, गावाकडनं भाताचं पिंजर आणलं, पोत्यात भरून दाभणानं शिवलं आणि हॉलभर अंथरलं. आठवडाभर पोरी इतक्या खूश की काय सांगू. पण पोती उसवली, धूळ व्हायला लागली, दोघींना दम्याचा त्रास, शेवटी काढून टाकावी लागली. त्यानंतर नुसती सतरंजी, ती सरकते.

आता काहीजण विचारतात की तालमीत कुस्तीचा हौदा आहे की, तांबडी माती आहे, ताक तेल हळद घालून मळलेली, त्याच्यावर का नाही. बरोबर आहे, हौद्यासारखी पडायला जागा नाही. पण सकाळ-संध्याकाळ हौद्यात पैलवानांची मेहनत आणि लढती असतात, जागा मोकळी नसते. आणि पोरींनी हौद्यात उतरावं की नाही यावर आपल्या तालमीत दोन मतं आहेत हेही उघड सांगते, झाकून काय उपयोग. माझं मत सगळ्यांना माहीत आहे. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, त्यामुळे नको म्हणणाऱ्यांचंही मत बदलेल, पण ते बदलेपर्यंत ३८ जणींना थांबवून ठेवायचं का? कमिटीनं एकमतानं ठरवलं की नाही, हॉल पोरींचा, आणि तिथं चांगल्या मॅट घालायच्या.

तर हिशोब असा. हॉल वीस बाय तीस फूट आहे. एक मीटर बाय एक मीटरच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट येतात, चाळीस एमएम जाडीच्या, त्या ५४ बसतात. मिळालेला भाव १,८५० रुपयाला एक, म्हणजे ९९,९००. यापेक्षा स्वस्त वीस एमएमच्या आहेत पण त्या लहान मुलांच्या खेळण्याच्या, त्याच्यावर मोठं माणूस पाडलं की खालची फरशी लागतेच. आणि ह्याच मॅट का, तर सुट्या होतात, एकेक पोर एकेक मॅट उचलू शकते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका, आम्ही ठरवलंय की ३९ ला पाणी आलं की त्याच संध्याकाळी सगळ्या मॅट माळ्यावर. दोनदा नुकसान झालंय, तिसऱ्यांदा होऊ देणार नाही.

दुसरी गरज बोलायला अवघड वाटते पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. पोरींना कपडे बदलायला जागा नाही आणि वेगळं बाथरूम नाही. आज दोघी साडी धरून उभ्या राहतात आणि मागे तिसरी कपडे बदलते. पाळीच्या दिवसांत निम्म्या पोरी येतच नाहीत. त्या दिवसांत व्यायाम करू नये असं काही नाही, त्रास होत असेल तर कमी करा, नसेल तर नेहमीसारखा करा, पण बाथरूमच नसेल तर ती येणार कशी. मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथं एक संडास-बाथरूम आणि सहा बाय आठची खोली, कडी-कोयंड्याच्या दरवाजासकट, गवंडी प्लंबर टाकी सगळं धरून १,३५,००० सांगितलेत. शिवाय फटके झेलायचे पॅड आणि नवीन काठ्या मिळून १२,०००. सगळे मिळून २,४६,९००. तालमीकडे आणि पोरींच्या पालकांकडून मिळून ७१,५०० जमलेत, उरले १,७५,४००. एवढेच पाहिजेत, याच्यावर एक रुपया जास्त जमला तर काय केलं ते बोर्डावर लावू.

पैसे देणाऱ्यांना आम्ही तिथं नक्की काय करतो ते कळायला पाहिजे, म्हणून थोडं सांगते, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांनी घरी हे करून बघा. सुरुवात वीस मिनिटं अंग गरम करण्यानं, दोरीच्या उड्या, बारा सूर्यनमस्कार, मग बैठका आणि जोर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बैठका पूर्ण खाली जाऊन मारायच्या नाहीत, खुर्चीच्या उंचीपर्यंत जायचं आणि वर यायचं, काकी तशाच मारतात, आल्या तेव्हा पाचला धाप लागायची, आता चाळीस सलग. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात लावून, मग कट्ट्याला, मग जमिनीवर. खुराकाचं लोक फार विचारतात, डब्यातली पावडर कुणालाही घ्यायला सांगत नाही, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खात असाल तर अंडी, दूध, आणि रात्री वेळेवर झोप.

मग बचावाचे प्रकार. मनगट धरलं तर खेचाखेची करायची नाही, समोरच्याची पकड अंगठ्याकडे सर्वात ढिली असते, आपला हात वळवून अंगठ्याच्या फटीतून झटक्यात काढायचा आणि काढला की तिथं थांबायचं नाही. केस धरले तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, मग ओढ लागत नाही, आणि गुडघ्यानं किंवा टाचेनं मारायचं. मुठीनं तोंडावर मारू नका, सवय नसेल तर आपलीच बोटं मोडतात, तळव्याच्या टाचेनं नाकाकडे, कोपरानं, गुडघ्यानं. चेन ओढणारा गाडीवर असेल तर चेन सोडून द्या, चेनच्या मागे फरपटत जाऊ नका. चाकू दिसला तर पर्स लांब फेका आणि उलट्या दिशेला पळा, चाकूवाल्याचा हात धरायचा प्रयोग करू नका, हे मी शिकवणारी असून सांगते. आणि सगळ्यात आधी आवाज. "मागे हो!" असं पोटातून ओरडायचं. पहिल्या दिवशी पोरी लाजतात, तोंडावर हात धरून हसतात, मी शेवटच्या पोरीचा आवाज रस्त्यावर जाईपर्यंत पुढे जात नाही. ११२ नंबर सगळ्यांना पाठ आहे. आणि कायद्यानंही बचाव करायचा हक्क दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याच्यावरच आहेत, पण बचावापुरताच मार, तो पळायला लागल्यावर पाठलाग करून मारणं त्यात बसत नाही, हेही पोरींना सांगतो.

शनिवारी काठी असते. मर्दानी खेळ हा आपल्या कोल्हापूरचा वारसा, दांडपट्टा तर २०२४ मध्ये राज्यशस्त्र झाला. पण मी पोरींना काठी वारसा म्हणून नाही, अंतर कळावं म्हणून देते. काठी हातात आली की समोरचा किती लांब आहे, किती जवळ आला की धोका, हे डोळ्याला कळायला लागतं, आणि मग मोकळ्या हातानंही ती नजर राहते. शिवाय काठी फिरवून मनगट असं मजबूत होतं की पकड सोडवायला तीच कामाला येते.

कोल्हापूरकरांना वर्गणीचं काही नवीन सांगायला नको. १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर सरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, बाकी लोकांनी जमवले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. आम्ही कुणाला घर गहाण टाकायला सांगत नाहीये. एक मॅट १,८५० ची, चौघा मैत्रिणींनी मिळून एक घेतली तरी चालेल. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपल्या पेठेतली पोरं, बाहेरच्या देशात असलेले, तुम्ही याच हॉलमध्ये लहानपणी उड्या मारल्यात, तुमच्यावर आमचा जरा जास्त हक्क आहे. गणपती मंडळांनाही विनंती आहे, यंदाच्या वर्गणीतून पाच-पाच मॅट काढल्या तर निम्मा हॉल होतो.

पैसे कसे द्यायचे. तालमीत सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ खजिनदार बसतात, तिथं द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. ऑनलाईन द्यायचे असतील तर तालमीच्या बँक खात्याचा क्यूआर कोड तिथंच बोर्डाला लावलाय, कुणा एकाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवू नका, घरोघरी आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही, कुणी दारात आलं तर देऊ नका. ८०जीचं सर्टिफिकेट आपल्याकडे नाही, त्यामुळे टॅक्सची सूट मिळणार नाही हे आधीच सांगते. दर रविवारी जमा-खर्च बोर्डावर लागेल.

पैशाशिवायही बरंच हवंय. एखादी फिजिओथेरपिस्ट ताई महिन्यातून एक रविवार येऊन गुडघे, पाठ, मनगटं बघणार असेल तर फार बरं होईल. गवंडीकाम, प्लंबिंग येणाऱ्यांनी दोन दिवस दिले तर १,३५,००० मधले बरेच वाचतील. ज्यूदो, कराटे, कुस्ती शिकलेल्या बायका-मुली असतील तर शिकवायला या, मी एकटी ३८ जणींकडे लक्ष देऊ शकत नाही, मनगट मोडलं त्यात तेही एक कारण होतं. आणि वेताच्या चांगल्या काठ्या, कॉटनच्या जाड चादरी, घरात पडून असलेली पाण्याची टाकी, काय असेल ते घेऊन या, संध्याकाळी साडेसहानंतर आलात तर पोरी रिक्षातनं उतरवून घेतील.