कौलं चढवणाऱ्यांचे आभार

इंदूरजवळच्या आमच्या गावातल्या चर्चचं छप्पर पावसाआधी उतरवून पुन्हा शाकारून झालं. नावं छापायची नाहीत असं सगळ्यांनीच बजावलंय, तेव्हा नुसती कामं सांगतो.

गळती कौलांची नव्हतीच. वळचणीकडच्या रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, वाळवीनं पोकळ केल्या होत्या. कौलं खाली सरकली आणि जोड उघडे पडले. वरून पाणी ओतून हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी नव्या कौलांचा बराच खर्च वाचवला. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. जुनी एकेक वाजवून पाहिली: खणखणीत ती ठेवली, बद्द ती पायरीखाली भरावाला. (बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, म्हणजे चर्चला हे कौल तसं घरचंच.) चढवायची वळचणीपासून आढ्याकडे, उलट नाही. आढ्याला नुसतं सिमेंट नको, चुना मळा, असा हट्ट धरणाऱ्या मिस्त्रीकाकांचे खास आभार. माळव्याच्या उन्हात सिमेंट तडकतं आणि पहिलं पाणी तिथूनच शिरतं.

मंडपवाल्यांनी ताडपत्रीचं भाडं घेतलं नाही. देवळातून शिडी आली. ती अजून परत करायची आहे. आणि रोज चहा पाठवणाऱ्या मावशी, तुमची किटली वेदीमागे सापडली.