रेकॉर्ड भारी, पण कुठल्या डिजिटलपेक्षा?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रेकॉर्डवरचा लेख आवडला, पण 'रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा केव्हाही सरस' हे काय पटलं नाही बघा. कुठल्या डिजिटलपेक्षा? व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेली एमपीथ्री आणि सीडी एकाच दावणीला कशी बांधायची? एमपीथ्रीत फाईल लहान करायला कानाला कळणार नाही असं धरून बराच आवाज उडवलेला असतो, १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला माहिती कमी ठेवून केलेल्या लहान फाईलला) तर झांजांचा नुसता चरचराट होतो. सीडीत उडवाउडवी नाही, आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले, म्हणजे २० हजार हर्ट्झपर्यंत सगळं येतं, आणि पन्नाशीनंतर तेवढं वरचं ऐकू येतंय कुणाला!

उलट एलपीची, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डची, गोची अशी की तबकडी एकाच गतीनं फिरते पण सुई आत सरकेल तसा तिच्याखालून जाणारा खाचेचा पल्ला कमी होत जातो आणि आवाज फाटायला लागतो. आपल्या ख्यालात द्रुत ताना नेमक्या शेवटी येतात, म्हणजे गाणं रंगात आलं की सुई सगळ्यात वाईट जागी!

तरी जुनी एलपी गोड लागते हे मलाही मान्य. पण त्याचं कारण बऱ्याचदा मास्टरिंग, म्हणजे छापायच्या आधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. नव्वदीनंतर आवाज मोठा करायच्या नादात कितीतरी सीड्यांत हळू-मोठ्या आवाजाचे चढउतार दाबून टाकले, जुन्या एलपीत ते शाबूत आहेत. ह्यात सीडीचा काय दोष?

आणि आपलं कोल्हापूर म्हणजे गवई अल्लादियाखाँसाहेबांचं गाव, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानाच्या रेकॉर्डवरनं अंतराळात गेली, आणि इथं माळ्यावर पडलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या लोक नव्या, पेटीसारख्या सूटकेस प्लेअरवर एलपीच्या सुईनं लावतात. ७८ ची खाच लै रुंद, तिला चौपट जाड टोकाची सुई लागते, एलपीची सुई तळातली घाण उकरत बसते आणि मग म्हणायचं जुनी रेकॉर्ड खरखरतेच. त्यात कोण स्पिरिटनं पुसतो. अहो ह्या तबकड्यांत लाख असते, ती स्पिरिटमध्ये विरघळते! एवढं तरी पुढच्या रविवारी छापा. आणि ज्यांना ह्या तबकड्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात त्यांनी वेव्ह नाहीतर फ्लॅकमध्ये (ह्या फाईलींत आवाज उडवत नाहीत) घ्याव्यात, एमपीथ्री नंतर कधीही करता येते.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर