श्वानदंशाच्या खोलीतल्या सिस्टरांस, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

कुत्रा चावलेल्या माझ्या मुलीच्या रेबीजच्या लसीचा शेवटचा डोस आपल्याच हातून पूर्ण झाला, त्या दिवशी खोलीबाहेर एवढी गर्दी होती की आभाराचे दोन शब्द बोलून आम्हाला निघावे लागले. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमक्ष लिहिण्याचे कारण असे की, आपण आमच्यासाठी जे केले त्यात उपचाराइतकाच मोठा वाटा समजावून सांगण्याचा होता, आणि आम्हाला जे समजले ते कुत्रा चावलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना वेळेवर समजायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पोटरीत खोलवर दात रुतलेले, मूल रडून थकलेले, आणि सोबत आलेल्या मंडळींपैकी कोणी जखमेत तिखट भरा म्हणतो आहे, तर कोणी चुना लावा म्हणतो आहे, अशा अवस्थेत आम्ही आपल्या दारात आलो होतो. आपण कोणालाही न दुखावता ते सल्ले थांबवले, मुलीला नळाशेजारी स्टुलावर बसवले आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायला घेतली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आपण पूर्ण पंधरा मिनिटे धुतलेत. इंजेक्शन सोडून एवढा वेळ धुण्यात का जातो आहे, असे माझ्या यजमानांनी विचारले, तेव्हा हात न थांबवता आपण उत्तर दिलेत की रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते, साबणाने ते विरघळते आणि आवरण गेलेला विषाणू पेशीत शिरूच शकत नाही. तिखट-चुन्याने मात्र मांस आणखी पोळते आणि विषाणूला आत जायला वाव मिळतो. "कातडी ही शरीराची पहिली राखण. ती फाटली, तर तेवढ्यापुरतं तिचं काम आपण करायचं," हे आपले वाक्य मी त्यानंतर अनेकांना सांगितले आहे.

पुढच्या भेटीच्या वेळी जखमेभोवतीची जागा लाल आणि गरम झाली होती आणि जांघेत अवधाण आले होते. ते पाहून घरात सगळ्यांचा धीर सुटला होता. आपण बोटांनी ती गाठ चाचपून पाहिलीत, डॉक्टरांना दाखवलीत, आणि ही रेबीजची खूण नसून शरीर कामाला लागल्याची खूण आहे असे सांगितलेत. कुत्र्याच्या तोंडातले जिवाणू जखमेत उतरले की तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळू लागतात आणि रासायनिक संदेश सोडतात; त्या संदेशांमुळे आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे येतात, आणि त्याच गडबडीतून लाली, उष्णता, सूज आणि ठणका येतो. जखमेतला द्रव लसीकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेतल्या ग्रंथींत पोचतो व तिथे पेशींची वाढ सुरू झाली की गाठ हाताला लागते. जंतू गिळणाऱ्या या पेशींचे मर्म शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली इटलीच्या सिसिली बेटावरल्या मेसिना शहरी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये काटे टोचून प्रथम ओळखले, हे मी नंतर वाचले. पण आपल्या पेशी जंतूपर्यंत चालत जातात, ही गोष्ट मुलीला आपल्या तोंडून कळली आणि ती तिला फार आवडली.

मग मी आपल्याला जो प्रश्न विचारला, त्याच्या उत्तरासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. शरीराकडे एवढी तयारी असताना रेबीजपुढेच ते हतबल का होते, असा तो प्रश्न होता. समोर रांग असतानाही आपण तो टाळला नाहीत. बहुतेक जंतू रक्तात मिसळतात, ऊतींची नासधूस करतात, आणि त्यामुळे शरीराला त्यांचा सुगावा लागतो. रेबीजचा विषाणू तसे करत नाही. तो चावलेल्या जागी स्नायूत गुपचूप थोडा वाढतो, स्नायू आणि मज्जातंतू जिथे जोडलेले असतात तिथून मज्जातंतूत शिरतो आणि आतूनच मेंदूकडे सरकू लागतो. रक्तात तो जवळपास येतच नाही. त्यामुळे ज्या ग्रंथींत जंतूची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार व्हायची, तिथे बातमीच पोचत नाही, आणि पोचते तेव्हा विषाणू मेंदूत बसलेला असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य, याचे कारण हे आहे. प्रतिकारशक्ती दुबळी असते म्हणून नव्हे, तर तिला कोणी कळवलेलेच नसते म्हणून माणूस दगावतो. धडधाकट माणसाने "माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे, मला काही होणार नाही" असे म्हणून लस टाळणे किती घातक आहे, हे त्या उत्तरातून मला जेवढे स्पष्ट झाले तेवढे दुसऱ्या कशानेही झाले नसते.

विषाणूचा हा प्रवास सावकाश होतो, बहुधा काही आठवडे ते काही महिने चालतो, आणि आपल्या हाती असते ती एवढीच मुदत. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला चावा झाल्यानंतर लस द्यायला सुरुवात केली, ती याच मुदतीच्या भरवशावर. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र आठवण होती ती पोटातल्या चौदा इंजेक्शनांची, आणि त्या धास्तीने ते मुलीकडे केविलवाणे होऊन पाहत होते. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिच्यातल्या मज्जापदार्थामुळे काही थोड्या लोकांच्या शरीराने स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला चढवल्याची उदाहरणे होती, आणि आता ती लस आपल्या देशात वापरातच नाही, हे आपण त्यांना शांतपणे सांगितलेत. त्यांची भीती निराधार होती असे आपण म्हणाला नाहीत. ती एका काळी खरी होती आणि आता तिचे कारण उरलेले नाही, असे सांगितलेत. वडीलधाऱ्यांचा मान राखून खरे सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटली.

आता लस देताना मी जे जवळून पाहिले त्याविषयी. दोन्ही दंडांवर, त्वचेच्या थरातच, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर. सुई जवळजवळ आडवी धरून आपण ती इतकी वरवर नेत होता की तिचे टोक कातडीखाली दिसत होते, आणि औषध उतरताच तिथे एक फिकट फुगवटा उठत होता. फुगवटा उठला नाही तर औषध खोल गेले असे समजायचे आणि शेजारी पुन्हा टोचायचे, असे आपण शिकाऊ परिचारिकेला सांगत होता. एवढीशी मात्रा पुरते, कारण त्वचेत लांब शाखा असलेल्या पहारेकरी पेशी दाट पसरलेल्या असतात. त्या लसीतला मृत विषाणू उचलतात, बगलेतल्या ग्रंथींत नेतात आणि टी पेशींना, म्हणजे बचावाची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. शरीरात प्रतिपिंडे बनवणाऱ्या कोट्यवधी बी पेशी असतात आणि त्या प्रत्येकीची पकड वेगळ्या आकारावर बसते. त्यांतल्या ज्या थोड्या पेशींची पकड या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाशी जुळते, त्यांनाच टी पेशींची अनुमती मिळते. मग त्या झपाट्याने वाढतात, त्यांची पकड पिढीगणिक अधिक घट्ट होत जाते, आणि त्यांच्यातून प्रतिपिंडे स्रवू लागतात. आयुष्यात कधी न भेटलेल्या विषाणूशी जुळणारी पेशी माझ्या मुलीच्या अंगात आधीपासूनच तयार होती, या गोष्टीचे मला आजही नवल वाटते.

पण या सगळ्याला सात ते चौदा दिवस लागतात, आणि खोल जखमेतला विषाणू तेवढा थांबेलच असे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी आपण मुलीचे वजन करून, किलोमागे ४० एकक या हिशेबाने, घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिपिंडे जखमेतच, कडेकडेने आणि तळापर्यंत सोडलीत. तो भाग पाहवत नव्हता. मुलगी किंचाळत होती आणि आपण तिच्याशी तिच्या शाळेविषयी बोलत होता. ही तयार प्रतिपिंडे कशाला, असे विचारल्यावर आपण म्हणालात, "घरचं पीठ दळून येईपर्यंत शेजारून उसनं आणतो ना, तसं हे. घरचं आलं की याची गरज नाही." लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ही उसनी प्रतिपिंडे देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची तयार होऊ लागतात आणि बाहेरची त्यांच्या आड येऊ शकतात, हेही आपणच सांगितलेत. एमिल फॉन बेरिंग आणि कितासातो शिबासाबुरो या शास्त्रज्ञांनी १८९० साली बर्लिनमध्ये प्रतिकार असलेल्या प्राण्याचे रक्तद्रव्य देऊन दुसऱ्या प्राण्याला धनुर्वातापासून वाचवता येते असे दाखवले, त्याच शोधाचा हा वारसा आहे. अलीकडे लसी बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या संशोधकांच्या साथीने घोड्यांवर अवलंबून नसलेले असे प्रतिपिंडही तयार केले आहे, हे वाचून मला फार आनंद झाला.

जखम भरली की लोक पुढच्या डोसांना येत नाहीत, ही आपली खंत होती. तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या तारखा आपण कार्डावर ठळक लिहून दिल्यात आणि एका तारखेला आम्हाला उशीर होताच स्वतः फोन केलात. प्रत्येक डोसगणिक प्रतिपिंडांची पातळी वाढते आणि मागे त्या विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी उरतात, म्हणून शेवटचा डोसही पहिल्याइतकाच गरजेचा, असे त्या फोनवर आपण सांगितलेत. पुढे कधी पुन्हा कुत्रा चावला तर तिला फक्त दोन डोस पुरतील, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेतली ती वेदनादायक इंजेक्शने लागणार नाहीत; मात्र त्यासाठी आधीच्या लसीकरणाचा पुरावा हवा. ते कार्ड आता तिच्या जन्मदाखल्यासोबत फाईलमध्ये आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. मुले ओरखडा लपवतात, रागावतील म्हणून घरी सांगत नाहीत. हे आपण बोलता बोलता म्हणाला होतात. त्यावरून मी मुख्याध्यापिकांना भेटले, आणि आता मुलीच्या शाळेच्या फलकावर आपल्याच शब्दांत चार ओळी लावल्या आहेत: कुत्रा, मांजर किंवा माकड चावले वा ओरबाडले तर लगेच मोठ्यांना सांगा, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, जखमेत काहीही भरू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. मजकूर आपल्या नजरेखालून गेलेला नाही. एखादा शब्द चुकला असेल किंवा काही राहिले असेल, तर कृपया कळवावे. मी तो त्याच दिवशी बदलून घेईन.

आपली कृतज्ञ,
तिसरीतल्या एका मुलीची आई