जेझर, तुमच्या त्या २३ आकड्यासाठी आभार

प्रिय जेझर,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, आवाजाला घुमारा देणारा तुमचा कोड मी वापरला एवढंच. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण ते माझ्या आईच्या ओव्यांबद्दल आहे.

गेल्या दिवाळीत तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. रस्त्याचा आवाज नको म्हणून बेडरूमच्या खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या, कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी टाकली, माइक वीतभर अंतरावर धरला. आवाज स्वच्छ आला, पण ठणठणीत कोरडा. ओवीचा शेवटचा सूर सुटला की तिथंच संपायचा. गावाकडं दगडी सोप्यात ती गायची तेव्हा तोच सूर भिंतींशी जरा रेंगाळायचा.

मग ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा देणारा इफेक्ट, लावला. आधी भरमसाट, तर आई विहिरीतून गातेय असं वाटलं. ‘रूम साइज’ कमी केली, ‘डॅम्पिंग’ (वरच्या पट्टीचा घुमारा झिजवणं) वाढवलं, आणि सोपा सापडला. आईला हेडफोन लावून ऐकवलं. तिनं डोळे मिटले आणि उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा मांडीवर फिरू लागला.

त्या रिव्हर्बच्या मुळाशी तुमचा फ्रीव्हर्ब हा कोड आहे हे नंतर कळलं. मी पोटासाठी प्रोग्रॅमिंग करते, म्हणून कोड उघडला. वर एवढंच: जेझर, ड्रीमपॉइंट, जून २०००. पाया ध्वनिशास्त्रज्ञ श्रोडर यांनी १९६०च्या दशकात घातलेलाच. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आठ-आठ ‘कोंब’ (इंग्रजीतला comb, फणी) फिल्टर शेजारी-शेजारी, आवाज ठरावीक अंतरानं पुन्हा-पुन्हा परत सोडणारे; पुढं चार ‘ऑलपास’ फिल्टर एकामागोमाग, तो घुमारा दाट करणारे. सगळ्यात छोटा कोंब १११६ सँपलचा (सँपल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप), मोठा १६१७चा. सेकंदाला ४४,१०० सँपल धरले तर साधारण २५ ते ३७ मिलिसेकंद, म्हणजे चार-सहा मीटरवरच्या भिंतीला लागून आवाज परत यायला लागतो तेवढा वेळ. दर फेरीला वरच्या पट्टीतला आवाज थोडा झिजतो, खऱ्या खोलीत झिजतो तसाच.

आणि तो २३! उजव्या बाजूच्या प्रत्येक फिल्टरचं अंतर डाव्यापेक्षा २३ सँपलनी जास्त. अर्धा मिलिसेकंद फक्त. मी तो आकडा शून्य करून पाहिला, तर सगळा घुमारा डोक्याच्या मधोमध गोळा झाला, सोपा गायब. परत २३ केला, भिंती पुन्हा दोन्ही कानांच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

टाळीसारख्या टोकदार आवाजावर त्याला किंचित पत्र्याचा नाद येतो, हे खरं. गळ्यावर मात्र तो छान बसतो. महागडे प्लगिन विकत घेणं मला जमलं नसतं. तुम्ही हा कोड सगळ्यांसाठी मोकळा सोडलात, कसलीही अट न घालता, म्हणून तो माझ्या जुन्या लॅपटॉपपर्यंत पोचला.

आईला आठवणाऱ्या ओव्या अजून बऱ्याच बाकी आहेत. मे महिन्यात त्या बसून पुऱ्या करणार आहोत, गोधड्या तशाच टांगून, तुमचा रिव्हर्ब लावून.

मनापासून आभार.

आपली,
ओव्या गाणाऱ्या आईची लेक