सही करायच्या आधी

प्रिय पिल्लू,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही. तुला ते काम मिळालं, गव्हर्नन्स आणि अँटी करप्शन अ‍ॅडव्हायजर म्हणून तीन महिने, आणि खाली तू लिहिलंस की आई तू केलंस तेच मला करायचंय. आनंद झालाच गं. पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय, लांबेल थोडं, पूर्ण वाच.

हे क्षेत्र किती नवीन आहे ते तुमच्या पिढीला जाणवत नाही. मी यात शिरले तेव्हा जर्मनीतली कंपनी परदेशात दिलेली लाच धंद्याचा खर्च म्हणून दाखवून टॅक्समधून वजा करू शकत होती, कायद्याने, 1999 पर्यंत! अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं 1977 मध्येच गुन्हा ठरवलं होतं, पण बाकी श्रीमंत देशांना तिथपर्यंत यायला आणखी 20 वर्षं लागली, ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेचा करार 1997 चा. वर्ल्ड बँकेत तर हा विषयच काढायचा नाही अशी पद्धत होती, राजकारणात पडायचं नाही म्हणून. पीटर आयगेन बँकेचे नैरोबीतले डायरेक्टर होते, ते यावर बोलायला लागले तेव्हा त्यांना अडवलं गेलं, शेवटी बाहेर पडून त्यांनी 1993 ला बर्लिनमध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही करप्शनविरोधी संस्था सुरू केली. मग 1996 ला बँकेचेच अध्यक्ष वुल्फेन्सन उघडपणे करप्शनला कॅन्सर म्हणाले आणि सगळ्यांची तोंडं उघडली. यूएनचा करप्शनविरोधी करार 2003 चा, लागू झाला 2005 ला. आमच्यासारख्यांना कामं मिळायला लागली ती या सगळ्यामुळे.

आता खरं काम काय असतं ते सांगते, कारण तू लिहिलंयस की मला सिस्टीम बदलायचीय. पिल्लू, सिस्टीम बदलली तर ती तिथली माणसंच बदलतात. आपण पाहुणे असतो. दोन आठवड्यांचं मिशन, वीस-पंचवीस मीटिंगा, एक वर्कशॉप, मग हॉटेलात बसून रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट बऱ्याचदा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये जातो. सुरुवातीला मला याचा फार त्रास व्हायचा, आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही म्हणून. नंतर कळलं की कुणी न वाचणं हे काही सगळ्यात वाईट नाही.

एका देशात (नाव लिहीत नाही) मी सरकारी औषधखरेदी तपासत होते. टेंडर भरायला फक्त तीन दिवस दिलेले, अटी अशा लिहिलेल्या की एकाच सप्लायरला बसतील, आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कागदांत एकाच शब्दाची तीच चूक, म्हणजे तिन्ही बोली एकाच टेबलावर टाइप झालेल्या. मला हे दिसलं कारण स्टोअर सांभाळणाऱ्या एका बाईंनी स्वतःहून रजिस्टरं काढून दाखवली, संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर, दोन तास बसून एकेक नोंद समजावली. मी रिपोर्टमध्ये त्यांचं नाव घातलं नाही. फक्त लिहिलं की 'जिल्ह्यातल्या स्टोअर अधिकाऱ्याच्या माहितीनुसार'. त्या जिल्ह्यात स्टोअर अधिकारी एकच होत्या. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली, कुटुंबापासून फार लांब, आणि मला ते कळलं आठ महिन्यांनी, तेव्हा मी दुसऱ्या देशात दुसरा रिपोर्ट लिहीत होते आणि त्या आधीच्या रिपोर्टचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी पत्रं लिहिली, दोन-तीन लोकांना भेटले, काही झालं नाही. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, मी घरी आल्यावर तू विचारलंस आई तू रडतेस का, आणि मी प्रवासाने दमलेय म्हणाले. आज सांगतेय.

किंमत मोजतात ती तिथे राहणारी माणसं. केनियात जॉन गिथोंगोंना 2003 ला सरकारनेच या कामासाठी नेमलं आणि 2005 ला त्यांना ब्रिटनला निघून जाऊन तिथून राजीनामा द्यावा लागला. इंडोनेशियाच्या केपीकेमधले, म्हणजे तिथल्या करप्शनविरोधी आयोगातले, तपास अधिकारी नॉव्हेल बास्वेदान पहाटेच्या नमाजाहून घरी परतत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं, 2017 मध्ये, एका डोळ्याची दृष्टी गेली. आपल्यासारख्यांचं बहुतेक वेळा पुढचं कॉन्ट्रॅक्ट जातं, एवढंच.

मग हे काम करायचंच कशाला असं तू विचारशील. करायचं, कारण नीट केलं तर फरक पडतो. युगांडात सरकार शाळांना दर मुलामागे अनुदान द्यायचं, 1991 ते 95 चे हिशेब प्रत्यक्ष शाळेत जाऊन तपासले तर सरासरी 100 पैकी 13 च पोचत होते, बाकीचे मधल्या मधे! मग किती पैसे पाठवले ते पेपरात आणि शाळेच्या भिंतीवर लावायला लागले आणि 2001 पर्यंत 80 च्या वर पोचायला लागले. नंतर काही अभ्यासकांनी म्हटलं की सगळं श्रेय पेपराला देऊ नका, त्याच काळात बाकीच्याही सुधारणा चालू होत्या, आणि ते मला पटतं. पण मुळात कुणीतरी शाळेत जाऊन किती आले हे विचारलं, तिथून सुरुवात झाली ना. इंडोनेशियात अर्थतज्ज्ञ बेन ओल्केन यांनी 600 च्या वर गावांतले रस्ते अक्षरशः खणून बघितले, किती खडी, किती वाळू, बिलात किती. ऑडिट नक्की होणार असं सांगितलेल्या गावांत दर 100 मागे गायब होणारा खर्च साधारण 8 ने उतरला. गावच्या मीटिंगांना जास्त माणसं बोलावून मात्र एकूण फारसा फरक पडला नाही, आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षं मीटिंगाच सुचवत होतो.

म्हणून भाषणांपेक्षा हिशेब शीक. प्रोक्युरमेंटचे म्हणजे सरकारी खरेदीचे नियम, बजेटचा पैसा कुठून कुठे कसा जातो, बिल कोण पास करतं, सही कुणाची लागते. तिथली भाषा शीक, निदान रजिस्टर वाचण्यापुरती तरी. आणि हाँगकाँगसारखा करप्शनविरोधी आयोग काढा हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहिताना दहा वेळा विचार कर, तो आयोग 1974 ला आला तो लोक संतापून रस्त्यावर उतरल्यावर, त्याला अधिकार, पैसा, माणसं सगळं मिळालं, आणि कितीतरी देशांनी त्याची फक्त पाटी उचलली.

तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण सही करायच्या आधी टीओआर, म्हणजे काम काय आणि कसं ते लिहिलेला कागद, मला पाठव. फी आणि दिवस मी बघणार नाही, रिपोर्ट कुणाकुणाच्या हातात जाणार, कच्चा मसुदा कोण वाचणार, माहिती देणाऱ्या माणसांबद्दल त्यात एक ओळ तरी आहे का, ते बघायचंय. नसेल तर आपण दोघी मिळून लिहू आणि तू ती घालून घे, नाहीच म्हणाले तर मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

तुझी,
आई