वैनगंगेतून माही बोट काढून देणाऱ्या काकांना

काका, रामराम जी,

समोर तुमी आभार मानूच देत नाई, म्हणून इथं लिवतो, नातू वाचून दाखवल तुमाले.

गोसेखुर्द धरणाच्या ३३ गेटांपैकी बरेच उघडले, भोंगाही वाजला, अन मी येडा बोट एकाच दोरावर सोडून घरी जेवत बसलो. चूक माहीच. बोट वाहत जाऊन रपट्याच्या, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलाच्या, खांबाले आडवी चिकटली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. आमी पोरांनी ट्रॅक्टर लावून सरळ काठाकडं ओढलं तं एक फळी उखडली, दोर तुटला अन माह्या कानाजवळून सपकन गेला, अजून अंगावर काटा येते.

तुमी आले अन पहिलं ट्रॅक्टर बंद करायले लावला. "धार दुप्पट झाली का जोर चौपट होते, पाणी उतरू द्या." चार दिवस थांबवलं. मले तवा रागच आला होता, खरं सांगतो.

मंग तुमचे ते नांगर. आमच्याकडं नांगर म्हटलं का वावरातला, पण तुमी दोन लोखंडी नांगर धारेच्या वरच्या अंगाले रेती पाहून टाकले, खडकावर ते घसरतेत म्हणून. दोर खोलीच्या सातपट सोडला. एवढा कायले म्हटलं तं तुमी म्हणाले, आखूड दोरानं नांगर वर उचलल्या जाते, लांब असला का आडवा ओढल्या जाऊन रेतीत घुसते. वावरातल्यासारखाच निघाला म्हणा! नांगराच्या साखळीले कप्पी बांधली, बोटीच्या नाकाचा दोर तिच्यातून फिरवून काठावर ट्रॅक्टरले, म्हणजे ट्रॅक्टर काठावरच पण बोट सरकते धारेच्या उलट्या दिशेनं, खांबापासून दूर. पहिले हे डोक्यातच शिरलं नाई.

बाजूले दोनशे लिटरचे रिकामे ड्रम बांधले, एकेक पावणेदोनशे किलो तरी उचलते. नाक धारेकडं वळलं, इंजिन लावून पाणी उपसलं, मंग तुमी बोट जराशी तिरपी धरली अन दोर तसाच ताणून ठेवला, तं धारेनंच तिले काठाले लोटत आणलं. नाईतं वाहत गेली असती खाली प्राणहिता नदीत.

पैसे तुमी घेतले नाई, डिझेलचेही नाई, ते काई बरं नाई केलं.

फळी नवी बसवली, डांबर सुकून रायलं. तुमची एक कप्पी माह्याकडंच रायली जी, पोळ्याले घेऊन येतो, संगं वाळलेले झिंगे. काकूले सांगून ठेवा.