कोनसेटचे पैसे पूर्ण, काम अर्धे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या बेळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने कोनसेट अर्धवट बदलून पूर्ण किटचे बिल घेतल्याबाबत

महोदय,

माझी मोटारसायकल आपल्याच कंपनीची, शंभर सीसीची, 2004 सालची. मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात राहतो. पावसाळा संपताना जांबोटी-चोर्ला रस्ता कसा असतो, हे त्या वाटेने गोव्याला गेलेल्या कुणालाही विचारा. त्याच रस्त्याने गाडीचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती वरची-खालची बेअरिंगची जोडी, गेला. हँडल सरळ केले की मधोमध अडकायचे आणि पुढचा ब्रेक दाबला की टीच्या (हँडलखालच्या, पुढचे दोन्ही शॉक धरणाऱ्या भागाच्या) खालून टकटक यायची.

गाडी जुनी म्हणून मुद्दाम अधिकृत सेंटरला दिली. बिलात 'कोनसेट फुल किट' आणि त्याची मजुरी स्वतंत्र लावली आहे. मी दोन्ही भरले.

गाडी घरी आणताना टकटक बंद होती, पण हँडल जड झाले होते. बाजारपेठेत गाडी हळू चालवली की एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ओढायची. मोटारसायकल सरळ चालते तेव्हाही तिचे हँडल आपोआप किंचित इकडेतिकडे फिरून तोल सांभाळत असते. कोनसेटचा वरचा नट गच्च आवळला की ते फिरणेच बंद होते. सेंटरला पुन्हा नेल्यावर उत्तर मिळाले, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." नवी घ्या, हा सल्लाही मिळाला. तो मी मागितला नव्हता.

शेवटी खानापुरातल्या मिस्त्रीकडे पुढचे चाक उतरवून टी खाली काढली. हेड पाईपमधल्या (टीची दांडी जिच्यातून जाते त्या चेसिसच्या नळीतल्या) दोन्ही वाट्या नव्या, वरचा कोन नवा, बेअरिंगचे छर्रेही नवे. पण टीच्या दांडीवर घट्ट बसणारा खालचा कोन जुनाच! त्यावर छर्‍यांचे खळगे ओळीने उठलेले आणि कडेला गंज. मिस्त्री म्हणाला, "दादा, ह्यो कोन कंपनीतनं आल्यापास्नं कुणी हलवलेलाच न्हाई की ओ."

तो काढणे कटकटीचे असते, हे मला माहीत आहे. छिन्नीने चारी बाजूंनी थोडे थोडे मारून वर सरकवावा लागतो. पण गाडीचा भार आणि खड्ड्यांचे हादरे सर्वांत जास्त खालच्याच बेअरिंगवर येतात. तोच कोन खराब असेल तर नवे छर्रे जुन्या खळग्यांत जाऊन बसतात आणि नवी वाटीही खराब करतात. खळग्यांमुळे राहिलेली ढिलाई कळू नये म्हणूनच वरचा नट एवढा आवळला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न कोनाच्या किमतीचा नाही. घाटाच्या वळणावर हँडल अडकले तर काय होईल, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. आणि आणखी एक, किटमध्ये खालचा कोन येतोच. माझ्या किटमधला गेला कुठे?

माझी मागणी अशी : संपूर्ण नवा कोनसेट, चारही रेस (दोन वाट्या, दोन कोन) आणि छर्‍यांसह, माझ्या समोर विनामूल्य बसवावा. काढलेले सर्व जुने भाग मला परत द्यावेत. पहिल्या कामाची मजुरी आणि मिस्त्रीला दिलेले पैसे परत करावेत. शिवाय त्या सेंटरमध्ये जुन्या गाड्यांचे हे काम नेहमी असेच होते का, याची चौकशी करून मला लेखी कळवावे. आमच्या भागात वीस-वीस वर्षांच्या गाड्या दुधाला, शेताला रोज पळतात आणि त्यांचे मालक टी उघडून बघायला जात नाहीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. मिस्त्रीने काढलेला जुना कोन मी जपून ठेवला आहे. तपासणीसाठी दाखवीन, पण ताब्यात देणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)
ता. खानापूर, जि. बेळगाव

सोबत : बिल व जॉबकार्डची झेरॉक्स, जुन्या कोनाचे फोटो, मिस्त्रीची पावती